डाव्या हातावरची ओळ

आमचं घर म्हणजे तात्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्या. तात्या, म्हणजे माझे वडील, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. निफाडच्या आसपास द्राक्षांच्या बागा आणि उसाचे मळे, त्यात विजेचा दाब सकाळी एक तर दुपारी दुसरा, त्यामुळे मोटारी जळत राहायच्या आणि आमची चूल पेटत राहायची, असं तात्याच म्हणायचे. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानावर यायचा तो तांब्याची तार गुंडाळायच्या हातयंत्राचा आवाज, आणि त्यात मिसळलेले तात्यांनी पुटपुटलेले वेढ्यांचे आकडे. त्यांच्या सदऱ्याला, केसांना, त्यांनी मोडलेल्या भाकरीच्या तुकड्यालासुद्धा व्हार्निशचा वास असायचा. आईचा स्वयंपाक साधा पण तिखटजाळ. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची उडदाची आमटी, तव्यावर रगडलेली हिरवी मिरची. रविवारी धरणावरून मासेवाली यायची, तिच्याकडची मरळ घेतली की त्या दिवशी तात्या दुकान लवकर बंद करायचे. आम्ही दोघी बहिणी. विमलताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती बारावी होऊन घरी बसली होती, म्हणजे लग्नाची होती. मी बारावीत जाणार होते.

टिकल्यांचं काम आमच्याकडे आलं ते समोरच्या राबियाचाचीमुळे. चाचीचे मिस्टर टेम्पो चालवायचे. नाशिकमधल्या एका व्यापाऱ्याकडून ते माल आणायचे आणि आठवड्याने तयार माल पोचवायचे. मेणकागदाच्या मोठ्या तावांवर मखमली टिकल्या यायच्या, मागून डिंक लावलेल्या. त्या नखाने उचलून छापील कार्डांवर ओळीने लावायच्या, एवढंच काम. गल्लीतल्या सात-आठ घरांत ते चालायचं. दुपारची जेवणं झाली की बायका आमच्या ओट्यावर बसायच्या, आल्याच्या चहाचं पातेलं मध्ये असायचं, आणि बोलणं आणि हात दोन्ही चालू राहायचं. अडचण एकच होती. ताव आणि कार्ड दोन्ही धरायचं तर टिकली उचलायची कशाने? आई ताव मांडीवर ठेवायची, तो घसरायचा. यातून विमलताईने वाट काढली. ती डाव्या हातात ताव धरायची, उजव्या हाताने टिकल्या उचलून डाव्याच हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, चार-चारच्या ओळींत लावत जायची. हात भरला की ताव खाली ठेवून कार्ड घ्यायची आणि हातावरच्या टिकल्या भराभर कार्डावर. तिचं काम इतरांच्या दुप्पट व्हायला लागलं तसं सगळ्याजणी तिच्याकडून ती पद्धत शिकल्या. आईला मात्र अंगाला काही चिकटवलेलं सहन व्हायचं नाही, ती मांडीवरच करत राहिली. मी कॉलेजातून आले की ताईशेजारी बसून तशाच टिकल्या लावायचे. टिकल्यांनी भरलेला तिचा सावळा हात हलला की बुट्ट्यांच्या कापडासारखा दिसायचा, आणि मला तो फार आवडायचा.

पहिला डाग मी पाहिला तो ताईच्या कपाळावर. ती न्हाऊन केस पुसत होती, टिकली लावायची होती, आणि दोन भुवयांच्या मध्ये मसुरीएवढं पांढरं काहीतरी होतं. मला वाटलं साबण राहिला. मी पुसायला हात नेला तर तिने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "राहू दे. आईला बोलू नको." दुसऱ्या दिवसापासून ती जरा मोठी टिकली लावायला लागली. डाग टिकलीपेक्षा मोठा झाला की ती आणखी मोठी टिकली घ्यायची. टिकल्यांना आमच्याकडे तोटा नव्हता. मोठी टिकली तिला मीच शोधून द्यायचे, लाल नको, मेंदी रंगाची लाव, तुला शोभते, असं म्हणत. आज इतक्या वर्षांनीही आरशाच्या कोपऱ्यात कुणी चिकटवून ठेवलेली टिकली दिसली की मी ती नखाने खरवडून काढते. सुना हसतात. मी त्यांना काही सांगत नाही.

मग श्रावणात तिच्या डाव्या हातावर पांढरं उमटलं. आधी ठिपके होते, ते एकमेकांत मिसळून बघता बघता तळहाताएवढा पट्टा झाला. ती कणीक मळत असताना आईला तो दिसला. आईने आधी दार लावून घेतलं, मग ताईचा हात खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिला, आणि खाली बसली. "कोड हाय," ती म्हणाली. तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला आणि पुढे कित्येक महिने कुणी उच्चारला नाही. त्याला सगळे 'ते' म्हणायचे. 'ते' वाढलं का, 'ते' दाखव. तात्यांना याहूनही मोठी धास्ती होती. त्यांनी एकदा ताईला डोळे मिटायला सांगून त्या पांढऱ्या जागेवर तारेचं टोक लावलं आणि विचारलं, "कळतंय का?" ताई म्हणाली, "टोचतंय तात्या." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तोंड फिरवून दुकानात निघून गेले. महारोग नव्हता. पण जे होतं तेही सांगण्यासारखं नव्हतं.

निफाडच्या दवाखान्यात नेलं तर दुपारपर्यंत बाजारात कळेल, म्हणून डॉक्टर नकोच असं ठरलं. मग जे घरात करता येईल ते सुरू झालं. मासे खाऊन वर दूध प्यायलं की हे होतं असं आईला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तिला ताईच्या लहानपणचा तसा एक रविवार आठवला. तो दोष तिने स्वतःच्या माथी घेतला. मासेवालीला दारातूनच परत पाठवायला लागली. दही गेलं, चिंच गेली, वांगं गेलं, आमटीतलं तिखट गेलं. अळणी मुगाचं वरण आणि भाकरी, दोन्ही वेळा, सगळ्यांना. एकटीला वेगळं शिजवलं तर शेजारी विचारतील म्हणून. त्र्यंबकला जाऊन एक विधी करून आलो. एका वैदूने बावचीचं बी दिलं, ते गोमूत्रात वाटून लेप लावायचा आणि उन्हात बसायचं. ताई गच्चीवर पाठमोरी बसायची, कुणी विचारलं तर सांगायचं की केस वाळवतेय. तिसऱ्या दिवशी हातावर फोड आले, पाण्याने भरलेले, द्राक्षाच्या मण्यांएवढे. ते फुटले तशी ती दातांत पदर धरून बसली, पण ओरडली नाही. आणि संध्याकाळी, फडकं बांधलेला हात सांभाळत, पुन्हा टिकल्या घेऊन बसली. जागा भाजलेली म्हणून आता जरा वर, दंडाकडे लावायची.

दसऱ्याला तिची सुपारी फुटली. मुलगा नामपूरचा, घरची कांद्याची आडत, स्वभावाने लाजरा. आमच्याकडे आला तेव्हा ताईला म्हणाला होता, "तुमच्याकडं थंडी लई राहते म्हणे." एवढंच. पण ते वाक्य तिने मला चार वेळा सांगितलं. हाताचं त्यांना सांगायचं की नाही यावर आई आणि तात्यांचं बोलणं झालं ते मी ऐकलं. तात्या म्हणत होते, सांगू. आई म्हणत होती, "बावचीनं भरून यील. मग कशाला सांगायचं?" तात्यांनी तिचं ऐकलं. तसं ते नेहमीच ऐकायचे.

दिवाळीत, पहिल्या अंघोळीला उटणं लावताना, माझ्या डाव्या हातावर मला चार ठिपके दिसले. पांढरे, गोल, मनगटाच्या वर, एका ओळीत. त्यांच्या वर आणखी चार, जरा फिकट. मी अंघोळ तशीच अर्धवट टाकून लांब बाह्यांचं पोलकं घातलं. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते इथे खरं लिहायचं तर असं, की मला ताईचा राग आला. आम्ही एका गोधडीत झोपायचो. मला वाटलं, तिचं मला लागलं. त्या आठवड्यात मी माझं अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. बारावीचा अभ्यास आहे, उजेड लागतो, असं सांगितलं. त्याच कारणाने टिकल्यांचं कामही सोडलं. ताई माझ्या अंथरुणाकडे बघून म्हणाली, "बरं केलंस. तुला नको लागायला." म्हणजे तिला माझ्या मनातलं कळलं होतं, फक्त माझ्या हातावरचं कळलं नव्हतं.

निफाडची थंडी अंगात शिरते. बागांमध्ये शेकोट्या पेटवतात तेव्हा सकाळी सगळ्या गावावर धुराचा पातळ पडदा असतो. त्या थंडीने माझं लपवणं सोपं केलं. स्वेटर घालून हिंडलं तर कुणी विचारत नाही. ठिपके वाढले नाहीत. ओळीत होते तसेच राहिले. मी रोज मोजायचे, आठ. ती ओळ मला रोज दिसत होती. ताईच्या हातावरचा पट्टा आधी ठिपक्यांचाच होता, हेही मी पाहिलं होतं. तरी माझ्या डोक्यात काही उजाडलं नाही, कारण मी बघत नव्हते, फक्त घाबरत होते.

संक्रांतीला नामपूरहून ताईच्या होणाऱ्या सासूबाई आणि नणंद आल्या. काळी साडी, हलव्याचे दागिने, तिळगूळ सगळं साग्रसंगीत आणलं होतं. सोबत कासारीण बोलावली होती, सुनेला हिरवा चुडा भरायला. हे आईच्या ध्यानीमनी नव्हतं. ताईने लांब बाहीचं पोलकं घातलं होतं. कासारणीने सवयीने तिची बाही कोपराच्या वर सारली आणि तिचा हात तिथेच थांबला. सासूबाई पुढे झाल्या, त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "हाई काय शे?" आई म्हणाली, "भाजलंय. तेल उडालं." सासूबाईंनी ताईलाच विचारलं, "खरं का, पोर?" ताईने मान हलवली, होकाराची नव्हे, नकाराची. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिळगूळ खाल्ला, आईच्या हातचा चहा घेतला, निघताना ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोर गुनी शे," आईला दाराशी म्हणाल्या, "पन आम्हना घरमा आजून दोन पोरी शेतस." आम्हालाही लग्नाच्या मुली आहेत, तेव्हा ही सोयरीक मोडली, एवढाच त्याचा अर्थ. काळी साडी त्यांनी परत नेली नाही. नंतरची कित्येक वर्षं ती आमच्या ट्रंकेत तळाला घडीची घडी पडून होती.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. होळी झाल्यावर, माझी परीक्षा संपली त्या आठवड्यात, तात्या म्हणाले, "नाशिकला मोठ्या दवाखान्यात दाखवू." ते दुकानात थांबले आणि आई, ताई, मी सकाळच्या एसटीने गेलो. मला सोबत म्हणून नेलं होतं, कागद वाचायला. कातडीच्या विभागाबाहेर लांबलचक बाक होता. त्यावर बसलेलं प्रत्येक माणूस दुसऱ्याचं अंग चोरून बघत होतं आणि स्वतःचं झाकत होतं. उन्हाळा लागला होता, तरी माझ्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी ताईला डोळे मिटायला सांगून कापसाने हात तपासला, सुईने तपासला, खिडकीशी नेऊन पाहिलं. विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?"

"कोनालाच नाय," आई म्हणाली. "आमच्याकडं नाय, ह्यांच्याकडं नाय."

"काम काय करता?"

"घरकाम." टिकल्यांना आम्ही कुणी काम म्हणतच नव्हतो.

बाईंनी मान हलवली आणि कागद पुढे ओढला. "कोडच दिसतंय. गोळ्या देते, मलम देते. हे पसरतं की थांबतं हे आज सांगता येणार नाही. हा शाप नाही आणि कुणापासून कुणाला लागतही नाही, हे मात्र लक्षात ठेवा."

ताई इतका वेळ जमिनीकडे बघत होती. तिने वर न बघताच विचारलं, "माझ्या धाकट्या बहिणीला तरी होणार नाही ना?"

"त्याची खात्री देता येत नाही."

"तिचं शिक्षण चाललंय," ताई म्हणाली. "तिला आधीच काही औषध देता आलं तर द्या."

मी उठले. काही ठरवून उठले नाही. बाईंच्या टेबलापाशी गेले, डाव्या हाताचं बटण काढलं आणि बाही वर केली. आईच्या तोंडून आवाज आला, शब्द नाही. बाईंनी माझा हात धरला आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. मग पेनाचं टोक एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नेलं. सगळी अंतरं सारखी होती.

"कोड असं आखून येत नाही," त्या म्हणाल्या. "या जागेवर तू काय लावतेस?"

"टिकल्या," मी म्हणाले.

मग सगळं सांगणं झालं. ताव, कार्डं, ताईची पद्धत, दुपारचा ओटा. बाई ऐकता ऐकता उभ्या राहिल्या आणि ताईला म्हणाल्या, "कपाळावरची काढ बरं." ताईने आईकडे पाहिलं. मग टिकली काढली. खालचं कपाळ आईने तोवर कधीच पाहिलं नव्हतं. रुपयाएवढी जागा कागदासारखी पांढरी होती, आणि ती टिकलीइतकीच गोल होती. बाईंनी सांगितलं की काही डिंकांत एक रसायन असतं, ते कातडीचा रंग मारतं. सगळ्यांना होत नाही, काहींनाच होतं, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी लागलं की जास्त होतं. खात्रीसाठी त्यांनी तावावरच्या टिकल्या मागवल्या, माझ्या आणि ताईच्या पाठीवर पट्टीखाली लावून दोन दिवसांनी बोलावलं. दोघींच्या पाठी तेवढ्याच जागी लाल झाल्या होत्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं, आणि तोंडी एवढंच म्हणाल्या, "बंद करा. बाकी औषध त्यानंतर."

पण पहिल्या दिवसाचं परतणं मला विसरता येत नाही. स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. आई पाणी आणायला गेली तेव्हा ताईने विचारलं, "कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून."

तिने हिशोब केला. तिच्या ओठांवरून मला दिसलं. दिवाळी, मार्गशीर्ष, संक्रांत. मी ते दिवाळीत दाखवलं असतं तर चुडा भरायच्या आत कारण कळलं असतं, सांगायला तोंड राहिलं असतं. ती मला रागावली नाही. ती उठून दोन बाकं सोडून जाऊन बसली, आणि गाडीतही आईच्या पलीकडे बसली.

निफाडला उतरल्यावर आई घरी न जाता आधी राबियाचाचीच्या दारात गेली. मी मागे होते. आई म्हणाली, "चाची, ह्या टिकल्यांनी होतंय. डिंकानं. डॉक्टरनी सांगितलं. माझ्या दोनी पोरींना झालंय." आमच्या घरातलं 'ते' तिने पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर बोलून दाखवलं. चाची मांडीवरचा ताव तसाच धरून बसली होती. मग तिने तो बाजूला ठेवला आणि कुर्त्याची बाही वर केली. कोपरापर्यंत ठिपके होते, काही मिसळलेले, काही सुटे. "मैं समझी मेरेकोच हुआ," ती म्हणाली. "मिस्टरना पण नाय दाखवलं." दोन दिवसांत गल्लीतल्या आणखी तिघी निघाल्या. आम्ही सगळ्याजणी एका ओट्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचो आणि प्रत्येकीने आपापला हात झाकला होता.

व्यापाऱ्याला निरोप दिला तर तो म्हणाला, दुसऱ्या गावात बायका आहेत. आईने काम सोडलं. चाचीला सोडता येण्यासारखं नव्हतं. ती काचेच्या तुकड्यावर टिकल्या लावून तिथून चिमट्याने उचलायला लागली, हळू, पण अंगाला न लावता. तात्या बाईंनी दिलेला कागद घेऊन नामपूरला गेले. तिथे त्यांना जेवायला वाढलं, कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला. मुलाचं लग्न सटाण्याला ठरलं होतं. तात्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं आणि बसून राहिले. त्या दिवशी आईने खूप महिन्यांनी काळ्या मसाल्याची आमटी केली, आणि कुणालाही ती धड गेली नाही.

ताई माझ्याशी जवळजवळ महिनाभर कामापुरतंच बोलली. आम्ही दोघी मलम लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर बसायचो, अंतर ठेवून. एके दिवशी ती आपणहून जवळ सरकली आणि माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. माझ्या ठिपक्यांत केसांच्या मुळाशी मोहरीएवढे तपकिरी कण उगवले होते. "तुझं भरतंय," ती म्हणाली.

मी म्हणाले, "ताई, मी आधी सांगायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. मलमाची डबी बंद करत म्हणाली, "मी कपाळाचं कुणाला सांगितलं? तुला दिसलं म्हणून तुला कळलं." तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही तसं कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या हाताला मलम तीच लावायची.

माझा हात वर्षभरात पुरता कोरा झाला. आज तिथे काही होतं असं कुणाला सांगूनही पटायचं नाही. ताईचा हात बराच भरला, जिथे बावचीने भाजलं होतं तेवढं सोडून. कपाळाचं मात्र भरलं नाही. तिने टिकली लावणं सोडलं, कुंकूही लावलं नाही, आणि ते पांढरं कपाळ घेऊन ती शिवणाच्या क्लासला जाऊ लागली, बाजारात जाऊ लागली. लोक बघायचे. पहिली काही वर्षं स्थळं यायची आणि जायची.

चांदवडकडचं एक स्थळ आलं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. मुलगा शाळेत शिपाई, सोबत त्याची म्हातारी आई. मी आत चहा गाळत होते. ताई ट्रे घेऊन बाहेर गेली, ट्रे खाली ठेवला, आणि कुणी काही विचारायच्या आत आपली बाही कोपराच्या वर केली. मग कपाळावरचे केस मागे सारले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, टिकल्यांचं, डिंकाचं, नामपूरचंही. माझं नाव त्यात कुठेच आलं नाही. शेवटी म्हणाली, "हाताचं भरलंय तेवढं भरलं. कपाळाचं आता भरणार नाही."

म्हातारी ऐकत होती. तिने विचारलं, "दुखतं का?"

"नाही."

"मग बस की," म्हातारी म्हणाली, "उभी काय राह्यलीस."

मी आतून बघितलं. ताई बसली.